बिननवसाचे रोडगे

ज्यांना नुकतंच कळलं आहे की आपल्या छातीत डाग आहे, त्यांनी आधी हे वाचावं आणि मग रडावं. रडायला वेळ पुष्कळ मिळतो. खाटेवर पडून राहण्याखेरीज दुसरं काम नसतं आणि माणूस पडल्यापडल्या किती रडेल, त्यालाही मर्यादा आहे. मला ती मर्यादा लवकरच सापडली. म्हणून म्हणते, घाई करू नका.

मी सिंदी रेल्वेची. मुलींच्या शाळेत मास्तरीण. आमचे हे कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून. घरात सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, आणि आमची शालू. मी आजारी पडले तेव्हा ती चार वर्षांची होती. आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण ती लपवून पुढचं काहीच लिहिता येणार नाही. मी देव मानत नाही. कोणी छळलं म्हणून नाही की कुठलं पुस्तक वाचलं म्हणूनही नाही. माझे वडील मानत नव्हते, आणि त्यांचं नाक जसं माझ्याकडे आलं तसं हेही आलं. लग्न ठरताना वडिलांनी सरळ सांगितलं होतं, मुलगी पुरणपोळी चांगली करते, पण आरती करणार नाही. त्यावर आत्याबाई म्हणाल्या होत्या, "आरती मले येते." लग्न ठरलं.

खोकला

आमच्या गावात कापसाच्या हंगामात सगळेच खोकतात. जिन सुरू झाले की रुईचे तंतू हवेत, पाण्यावर, दह्यावर, पोरांच्या केसांत. दिवाळीनंतर ज्याला खोकला नाही तो माणूस सिंदीचा नाही, असं म्हणायची पद्धत आहे. त्यामुळे मला खोकला झाला तेव्हा कोणी विचारलंसुद्धा नाही. हंगाम संपला की जाईल, असं यांनी म्हटलं, शेजारणीनं म्हटलं, मीही म्हटलं. होळी झाली. जिन बंद पडले. सगळ्या गावाचा खोकला गेला आणि माझा तेवढा राहिला. एकदा पाढे म्हणवून घेता घेता रुमाल तोंडाशी धरला, तर त्यावर लाल ठिपका. मी रुमाल घडी करून कमरेला खोचला आणि एकोणिसाचा पाढा पुरा करून घेतला. उपयोग काय त्याचा? पण माझा स्वभाव असा आहे.

वर्ध्याच्या डॉक्टरांनी छातीच्या फोटोची काळी काच खिडकीकडे धरली आणि बोटानं दाखवलं, "इथे." मला तिथे ढगासारखं काहीतरी दिसलं. ते फार भले गृहस्थ होते, बरंच समजावून सांगत होते, पण मला एक शब्द ऐकू येत नव्हता. मरणाचा विचार आला नाही, खरंच सांगते. मला एवढंच आठवत होतं की आज सकाळी निघताना शालूला मी माझ्याच ताटात, माझ्याच हातानं भरवलं होतं.

परतीच्या गाडीत यांनी संत्री घेतली. आम्ही दोघांनीही ती सोलली नाहीत. हे आधी माझ्या समोरच्या बाकावर बसले होते. सेलूच्या आसपास ते उठले आणि माझ्या शेजारी येऊन बसले, अगदी चिकटून. पुढच्या साऱ्या आजारपणात लोकांनी मला फार धीर दिला, पण तो पहिला.

आत्याबाईंना सांगितलं तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं, आत गेल्या आणि शालूची गोधडी माझ्या खोलीतून उचलून आपल्या खोलीत नेली. माझं ताट-तांब्या वेगळा ठेवला. समुद्रपूरला, त्यांच्या माहेरी, त्यांची धाकटी बहीण याच दुखण्यानं गेली होती आणि तिच्यामागोमाग तिचं तान्हं मूलही गेलं होतं. हे मला ठाऊक होतं. तरी त्या गोधडीमागे मी दारापर्यंत गेले.

"रागाऊ नको कमल," त्या म्हणाल्या. "पोट्टी मायाजवळ राहीन."

मी रागावले नाही. मी त्यांच्या जागी असते तर गोधडीच काय, खाटही उचलून नेली असती.

दवाखाना

वर्ध्याजवळ मोकळ्यावर एक दवाखाना आहे, त्याचं नाव लिहीत नाही. बायकांच्या त्या लांबट खोलीत मला वर्षाहून जास्त काढायचं होतं. सकाळी अंगातला ताप मोजायचा, दूध प्यायचं, सुई टोचून घ्यायची, एक कडू भुकटी गिळायची आणि मग पडून राहायचं. दुपारी बोलायलाही बंदी. सुई नवीन निघाली होती आणि डॉक्टरांचा तिच्यावर भारी विश्वास होता. माझाही बसला. मला विश्वास ठेवताच येत नाही असं समजणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहिते.

माझ्या शेजारच्या खाटेवर चंद्रभागा होती. पवनारची. उन्हाळ्यात धाम नदी आटली की तिच्या रेतीत डांगरं आणि टरबुजं लावायचा तिच्या घरचा धंदा. अंगानं वाळकी, आवाजानं अख्खा बाजार. स्वतःचं दूध मांजरीला पाजायची आणि मग माझ्या दुधाकडे पाहायची. नर्सबाईंना कोणाबद्दलही काहीही सांगायची आणि त्यातलं निम्मं खोटं असायचं. पहिल्या आठवड्यात मला ती अजिबात आवडली नाही.

रोज संध्याकाळी ओसरीवर प्रार्थना व्हायची. गावातले खादी घालणारे एक म्हातारे गृहस्थ यायचे, सगळे त्यांना काकाजी म्हणत. ज्यांना उठता येई त्या बायका ओसरीवर बसायच्या, ज्यांना येत नसे त्यांची खाट दाराशी सरकवायची. सगळ्या धर्मांची प्रार्थना असल्यामुळे कोणी नाही म्हणत नसे. मी म्हटलं. भांडून नाही, साधं म्हटलं की मी देव मानत नाही, मी इथेच बरी आहे. एका बाईनं आपली खाट माझ्यापासून थोडी लांब सरकवली. क्षय तिलाही होता, मलाही होता. नास्तिकपणा मात्र तिला लागू द्यायचा नव्हता.

मग रोज तेवढा वेळ मी एकटी आत. बाहेर टाळ्या, भजन, आणि आत मी आणि रिकाम्या खाटा. मला वाटायचं, चाललं आहे ते ठीकच चाललं आहे. आपलं आपल्यापाशी.

पावसाळ्याच्या शेवटी कोपऱ्यातल्या खाटेवरची मुलगी गेली. दुपारीच गेली, सगळ्यांच्या देखत. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तिच्या. संध्याकाळी सगळ्या जणी प्रार्थनेला बसल्या आणि त्या दिवशी फार जोरात म्हणत होत्या. आत मी आणि ती घडी केलेली गादी. मला दरदरून घाम सुटला. ओरडावंसं वाटत होतं पण कोणाला हाक मारायची ते सुचेना. बाकीच्या सगळ्या जणी कोणाला तरी हाक मारत होत्या. त्या दिवसाइतकी एकटी मी आयुष्यात कधी झाले नाही.

भजन चालू असतानाच चंद्रभागा आत आली. पाणी प्यायला आली असेल. माझ्याकडे पाहून थांबली.

"मास्तरीणबाई, जीव घाबरला का तुमी कोणाशी बोलता?"

"कोणाशीच नाही."

तिनं हातातला तांब्या खाली ठेवला. मग माझ्या खाटेवर येऊन बसली, दवाखान्याचा नियम मोडून. "मंग मायाशी बोला," ती म्हणाली. "मी कायले पडून आहो मंग इथं?"

मी बोलले. काय बोलले ते आठवत नाही. शालूबद्दल असणार. भजन संपेपर्यंत बोलले.

दुसऱ्या दिवशी ती प्रार्थनेला गेलीच नाही, माझ्याजवळ बसली. तिसऱ्या दिवशी एका बाईनं सांगितलं, आज मी बसते, तू जा. पुढे त्यांनी पाळीच लावली. एकीनं रोज प्रार्थना चुकवायची आणि मास्तरीणबाईंपाशी बसायचं. त्यांना वाटे त्या मला सोबत करताहेत, आणि करतच होत्या, पण खरं सांगू का, त्या पाळीसाठी नंतर नंतर भांडणं होऊ लागली. कारण आत गप्पा चालायच्या. कोणाच्या सासऱ्यानं दुसरं लग्न केलं, हिंगणघाटच्या बाजारात लुगडी काय भाव आहेत, सारं काही. खाट लांब सरकवणारी बाईसुद्धा आली, आणि तिच्याकडे तर सगळ्यांत जास्त बातम्या होत्या.

ओसरीवरची गर्दी पातळ झालेली काकाजींच्या लक्षात आली. एके दिवशी ते दारात उभे. चंद्रभागानं पदर सावरला आणि मी मनात उत्तरं जुळवू लागले. काकाजी रागावले नाहीत. ते म्हणाले, प्रार्थनेच्या शेवटी आम्ही थोडा वेळ मौन पाळतो. त्यात कोणी काही म्हणायचं नसतंच. तेवढ्यापुरत्या याल का?

मला नाही म्हणायला कारण सापडेना, आणि मी शोधलंही. तेव्हापासून भजन संपलं की चंद्रभागा आत येऊन हाक मारायची, "चला, चूप बसाची टाइम झाली." मी ओसरीवर जाऊन बसायची. सगळ्या डोळे मिटायच्या आणि मी मात्र उघडे ठेवायची. एकेकीचा चेहरा पाहायची. कोणाच्या गालावर मांस चढलंय, कोणाचं उतरलंय. ती माझी रोजची हजेरी. तिथे बसून मला वाटलं की मी या माणसांची आहे, आणि त्यासाठी मला काहीही खोटं बोलावं लागलं नाही.

हे भेटायला यायचे तेव्हा आत्याबाई शालूला घेऊन फाटकाबाहेर थांबायच्या. मी ओसरीच्या कठड्याशी, ती रस्त्यापलीकडे आत्याबाईंच्या कडेवर. ती हात हलवायची. पुढे पुढे तिला सांगावं लागे की हात हलव. मग चंद्रभागाशी बोलायचा वेळ वाढायचा.

नवसांची रांग

तिथल्या माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात डॉक्टरांनी परत काच खिडकीकडे धरली आणि या वेळी बोट कुठे ठेवावं ते त्यांना सापडेना. थुंकी पुन्हापुन्हा तपासली, स्वच्छ. ते म्हणाले, घरी जा, हळूहळू काम करा, मुलीला जवळ घ्या. शेवटचं वाक्य मी त्यांना दोनदा म्हणायला लावलं. चंद्रभागा माझ्या थोडी आधी सुटली होती.

घरी आले तर माझ्या बरं होण्याला बरेच मालक निघाले. आत्याबाई म्हणाल्या, समुद्रपूरजवळच्या गिरडच्या टेकडीवर मी नवस बोलले होते, तू बरी झालीस की तुला घेऊन येईन. शाळेच्या मोठ्या बाई भेटायला आल्या, त्यांनी केळझरच्या गणपतीला सांगून ठेवलं होतं. चंद्रभागाचा निरोप आला की पवनारच्या मारुतीपुढे रोडगे कबूल केलेले आहेत, विसरू नका. आमच्याकडे नवस म्हणजे बहुधा रोडगेच. जाड कणकेचे गोळे, गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, भाजायचे, राख झटकायची आणि वरण, वांग्याची भाजी, तूप घालून झाडाखाली सगळ्यांनी जेवायचं. मी यांच्याकडे पाहिलं. हे खाली पाहू लागले.

"तुम्हीही?"

बरेच आढेवेढे घेऊन सांगितलं. जिनिंगच्या फाटकाजवळ शेंदूर फासलेला एक दगड आहे, घाईत तोच जवळ होता.

मी इतकी हसले की मला पुन्हा खोकला येतो की काय म्हणून सगळे घाबरले. कोणत्या देवानं बरं केलं यावर मोठ्या बाई आणि आत्याबाई यांच्यात थोडी बोलाचाली झाली. सुईचं नाव कोणी काढलं नाही. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. एवढ्या जणांनी माझ्यासाठी कुठे कुठे हात जोडले होते, आणि मला वाटत होतं की मी एकटी आहे. तसं मी सगळ्यांना सांगितलंही. फक्त नवस फेडायला मी येणार नाही, हेही सांगितलं.

तेव्हा आत्याबाई उठून आत गेल्या.

शालू

शालूची गोधडी आत्याबाईंच्या खोलीतच राहिली. जेवण त्यांच्या हातचं, वेणी त्यांच्या हातची. मी जवळ गेले की त्या तिला काहीतरी आणायला पाठवायच्या. मी डॉक्टरांचं सांगितलं. त्या म्हणाल्या, डॉक्टरनं तुझी छाती पाहिली, माझी बहीण नाही पाहिली. मग स्पष्टच बोलल्या. "गिरडले चाल. नवस फिटला का पोट्टी तुयी. तवर मायी."

गावाचंही तेच होतं. शेजारणीकडे वाटीत काही पाठवलं तर वाटी तशीच भरलेली, दुसऱ्या कोणाच्या तरी हाती परत यायची. शाळेत पालकांचं मन होईपर्यंत थांबा, असं मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांचा दोष नव्हता. पण वाटीचं मी सहन केलं असतं, शाळेचंही. माझी मुलगी माझ्या हातचा घास घेत नाही, हे सहन होत नव्हतं.

हे म्हणाले, जाऊन ये ना. टेकडी चढायची, टेकडी उतरायची. हवापालट समज. मी जवळजवळ तयार झाले होते. तपासणीला वर्ध्याला गेले तेव्हा तशीच मोटारीनं पवनारला जाऊन चंद्रभागाला गाठलं. ती रेतीत वेलांना पाणी घालत होती. सगळं ऐकून म्हणाली, "मी असती तं सात टेकड्या चढली असती. तुमाले काय होते चढाले?"

मी तिला सांगितलं. शालू माझ्याकडे परत यावी ती मी बरी झाले म्हणून. देवाचं देणं फिटलं म्हणून आली, तर उद्या मला साधं पडसं झालं की देव रागावला म्हणतील आणि गोधडी पुन्हा उचलतील. मग मी जन्मभर टेकड्या चढत राहू का? आणि शालू मोठी झाल्यावर काय समजेल, आईला जवळ करायला कोणाची तरी परवानगी लागते म्हणून?

चंद्रभागा ऐकत होती. "हे सासूले सांगतलं?"

"नाही."

"मंग मले काऊन सांगून राह्यल्या? तिले सांगा ना."

मला रेतीत तशीच सोडून ती पुन्हा पाणी घालायला लागली. परतीच्या गाडीत मी ठरवलं. माझ्यासाठी ज्यांनी ज्यांनी काही केलं त्या सगळ्यांना मी जेवू घालणार. रोडगेच करणार, कारण मला आवडतात. जिनिंगमागच्या आमराईत, रविवारी. कणीक मी मळणार, वाढणार मी. आणि ते कुठल्याही देवाचे नसतील.

आत्याबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बिननवसाचे रोडगे कोणी करते का? प्रसाद म्हण. प्रसादाले कोणी नाई म्हणत नाई. नुसतं तुया हातचं म्हटलं तं कोण खाईन?"

"म्हणूनच प्रसाद नको, आत्याबाई. प्रसाद म्हटलं तर लोक देवाला घाबरून खातील. ते मला घाबरतात की नाही, हे मला कळणारच नाही."

मग मी चंद्रभागाला सांगितलेलं सगळं त्यांना सांगितलं. शालूचं, पडशाचं, जन्मभर टेकड्या चढण्याचं. माझा आवाज वर गेला आणि मग रडू आलं. त्या ऐकून घेत होत्या. नंतर उठून दिवा लावला, देवापुढे बसल्या. शुक्रवारी सकाळी पाहते तर त्या नव्हत्या आणि शालूही नव्हती. शालूचे दोन फ्रॉक दोरीवरून गेलेले. यांना सांगून गेल्या होत्या, समुद्रपूरला भावाकडे जाते. केव्हा येणार ते सांगितलं नव्हतं.

मी यांना म्हटलं, नेली त्यांनी तिला. हे म्हणाले, तशी नाही माझी आई. पण त्यांचाही चेहरा उतरला होता.

आमराई

जेवण मोडावं असं शंभरदा मनात आलं. पण निरोप गेले होते. रविवारी सकाळी आमराईत गोवऱ्या रचल्या. यांचे जिनिंगमधले दोघं मित्र आराशी बसले, ते काम पुरुषांचं. कणीक मात्र मी मळली. दंडात ताकद नव्हती, मध्ये मध्ये थांबून मळली. कोणी मदतीला आलं की हाकलून दिलं.

चंद्रभागा पहिल्या गाडीनं आली. दवाखान्यातल्या आणखी तिघी तिच्याबरोबर, आणि डोक्यावर टरबुजं. मी विचारलं, मारुतीचं काय? म्हणाली, "त्याचे रोडगे त्याले देऊन आली. मी बोलली होती, मी फेडलं. तो काई तुमचं नाव घेऊन बसला नाई." मग आमराईभर ऐकू जाईल अशा आवाजात तिनं वांग्यात तिखट कमी असल्याचं जाहीर केलं. मला बरं वाटलं.

पण या साऱ्या दुखण्यातून गेलेल्या बायका. त्यांना माझी भीती कशी असणार? गावातल्या बायका आल्या होत्या, नाही असं नाही. विहिरीच्या कडेला घोळक्यानं उभ्या होत्या. शाळेतल्या मुलींच्या आया, वाटी परत पाठवणारी शेजारीण. मोठ्या बाई मात्र पानावर येऊन बसल्या, आणि बसल्या ते घड्याळाकडे पाहतच. रोडगे आरातून निघाले. यांनी फडक्यात घालून राख झटकली. वरण उकळत होतं. मी दोनदा म्हटलं, चला, पानं मांडली आहेत. बायका म्हणाल्या, होऊ द्या, होऊ द्या. कोणी जागचं हललं नाही. रोडगे निवायला लागले. मला वाटलं, आत्याबाई बरोबर होत्या. प्रसाद म्हटलं असतं तर एव्हाना दुसरी पंगत बसली असती.

तेवढ्यात स्टेशनाच्या बाजूनं कोणीतरी चालत येताना दिसलं. पायात धूळ, कडेवर पोर. पोर झोपलेलं. आत्याबाई सरळ आल्या, घोळक्यातून वाट काढत. मला ओलांडून गेल्या आणि पंगतीच्या अगदी मधल्या पानावर बसल्या.

मी विचारलं, "समुद्रपूरहून आलात?"

"गिरडहून." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "नवस मी बोलली होती. मीच फेडून आली."

"पण मला न्यायचं होतं ना?"

"थो माया अन देवाचा सवाल होय. तुया काय संबंध? तुले बोलावलं होतं कोणी तिथं?" मग त्यांनी शालूला हलवून जागं केलं आणि आपल्या पानासमोर बसवलं. "आता इथलं पाहू. भूक लागली आहे. वाढ."

मी त्यांना वाढलं. रोडगा, वरण, भाजी, तूप. त्या जेवायला लागल्या नाहीत. पान शालूपुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "तिच्या पानातला तू चूर."

रोडगा कडक असतो, तो दोन्ही हातांनी फोडून चुरावा लागतो. मी खाली बसले आणि चुरला. वरण थोडं बाहेर सांडलं. घास केला. शालूनं आधी आजीकडे पाहिलं. आजी वांग्याची फोड निरखत होती, जणू तिला दुसरं काही कामच नव्हतं. मग शालूनं माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ, आणि तोंड उघडलं.

शालूनं घास चावला, गिळला.

"आई, मीठ कमी आहे."

आत्याबाईंनी त्याच पानातला एक घास तोंडात घातला. "हो," त्या म्हणाल्या. "वरण आळणी झालं."

चंद्रभागा लगेच म्हणाली की आपण हे केव्हापासूनच सांगून राहिलो आहोत. तिनं तिखट म्हटलं होतं, मीठ नव्हे, पण कोणी तिला टोकलं नाही. विहिरीकडून हसू आलं. मग शेजारीण पुढे आली आणि एका पानावर बसली. तिच्यामागून दुसरी. शाळेतल्या मुलींच्या आया आल्या, मुली आल्या, पानं कमी पडली म्हणून आंब्याखाली दुसरी ओळ धरली. मोठ्या बाईंनी घड्याळ पाहायचं सोडून दिलं. प्रत्येकीनं पहिला घास घेतला आणि प्रत्येकीनं वर पाहून तेच म्हटलं, बाई, मीठ.

मी मिठाची वाटी घेतली. चमचा कोणी आणलाच नव्हता. मी पंगतीच्या या टोकाला उभी राहिले, चिमूट उचलली आणि पानापानाशी वाकत त्या टोकापर्यंत सगळ्यांना हातानं मीठ वाढत गेले.